दुसऱ्या पाळीतल्या तिघी

आमची गाणी सगळी मिळून सात. किस्से मात्र दर कार्यक्रमाला दोन नवे होतात, त्यामुळे भेटलेला माणूस गाणं राहू दे म्हणतो आणि किस्साच मागतो.

सुप्याच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत, एकाच लाइनवर आम्ही तिघी. मंदा गाते आणि गिटार वाजवते, रेखा ड्रम, मी बास.

सुरुवात जेवणाच्या सुट्टीत झाली. मंदाच्या मोबाईलवर एक जुना व्हिडिओ लागला. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचं लंडन, चार मुलींचा पंक बँड. केस विस्कटलेले, गिटार बेसूर, समोरचे पुरुष हुर्यो उडवताहेत. त्या थांबल्या नाहीत, आणखी जोरात वाजवायला लागल्या.

मंदानं डबा बाजूला ठेवला. "ह्यांना तर काहीच येत न्हाई," म्हणाली. मग जरा वेळानं, "म्हंजी आपल्यालाबी जमंल."

*

बँडचं नाव 'दुसरी पाळी'. कर्जतला एका मंडळाच्या कार्यक्रमात निवेदक सरांनी चिठ्ठी वाचली, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "आता सादर करीत आहेत... महिला मंडळ."

मंदानं त्यांच्या हातून माईक घेतला. "सर, दुसरी पाळी. कंपनीत दुपारी सुरू हुती ती. तुमच्या मनात कुठली आली?"

*

रेखा पाथर्डीकडची. लग्न होईपर्यंत दर हंगामात आई-वडलांबरोबर ऊसतोडीला जायची. नगरला एका सरांकडे ड्रम शिकायला गेलो. त्यांनी तिला नुसतं वाजवायला सांगितलं, पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ताल इतका पक्का कुठं केलात?"

"उसात," रेखा म्हणाली. "कोयत्याचा ताल चुकला की बोट जातं. माझा एकदाच चुकला."

सरांनी तेव्हा कुठं तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

*

घोडेगावला जनावरांच्या बाजाराजवळ टेम्पोवरच वाजवत होतो. एक व्यापारी तरातरा आला. "बाई, बंद करा हे. म्हशी बुजत्यात."

मागं त्याच्या म्हशी निवांत रवंथ करत उभ्या होत्या. मंदानं वळून त्यांना नीट पाहून घेतलं. "म्हशी न्हाई बुजल्या, दादा. तुमीच बुजलाय."

*

त्या व्हिडिओखाली मी एकदा लिहून टाकलं, मोबाईलवरून इंग्रजी करून. आम्ही तिघी, महाराष्ट्रातून, वाजवता फारसं येत नाही, तरी वाजवतो. महिन्याभरानं उत्तर आलं. त्या चौघींतलीच एक, आता आजी झालेली. तिनं लिहिलं होतं, "आम्हालाही येत नव्हतं. ते सांगायला बरेच जण येतील. त्यांना समोर बसवा आणि वाजवा."

रेखानं ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाई आपल्याकडचीच वाटती."

*

आता शेवटचा. आमच्या लाइनवर बायका चाळीस आणि बाथरूमला जायचा पास एक. खिळ्याला अडकवलेला. तो जागेवर नसला की थांबायचं, मग पोटात कळ येऊ दे नाहीतर काही. मंदानं त्याच्यावर गाणं केलं आणि कंपनीच्या स्नेहसंमेलनात, सगळे साहेब पुढच्या रांगेत असताना, आम्ही ते म्हटलं. टाळ्या फक्त मागून आल्या.

पुढच्या आठवड्यात पास खिळ्यावरून गेला तो गेलाच, आता बाथरूमला जायला पास लागत नाही. पण किस्सा त्याच्या आधीचा.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी तिघींना ऑफिसात बोलावलं. साहेबांसमोर कागद होता. "गाणं कुणी लिहिलं, तेवढं नाव सांगा. एकीवरच भागेल."

मंदाच्या घरात कमावणारी ती एकटी. तरी तिनं तोंड उघडलं. त्याच्या आत मी म्हणाले, "मी." रेखा म्हणाली, "मी."

साहेब वैतागले. "एक गाणं तिघी कशा लिहितील?"

तेवढ्यात दारात लता मावशी आल्या. फरशी पुसायच्या, दोन वर्षांनी रिटायर होणार होत्या. आदल्या दिवशी रजेवर होत्या, गाणं त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली, पदर खोचला.

"ह्या पोरींना कशाला इचारता, साहेब? गानं माझं हाय. मला लिव्हता येत न्हाई, म्हनून ह्यांनी उतरून घेतलं."