शेजारणीच्या खड्ड्यातलं गवत

सातवीतच माझी शाळा सुटली आणि लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट नागपूरला, कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत येऊन पडले. येताना आईनं पदराच्या गाठीत पावट्याचं बी बांधून दिलं होतं. त्यातलं अर्धं मी आल्या आल्या लावलं. क्वार्टरच्या मागची जमीन म्हणजे मुरूम, वर राख. बी रुजलं का म्हणून मी रोज उकरून बघायची. काहीच आलं नाही. उरलेलंही असंच गेलं, तर आईच्या हातची ती पावट्याची आमटी माझ्या घरात कधी व्हायची नाही, एवढंच डोक्यात.

आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारणीची वांगी! काळी, तुकतुकीत. माती तीच, राख तीच. ती पाणी घालायला आली की मी आत जायची आणि खिडकीतून बघायची. कॉलनीच्या हिरवळीचं कापलेलं गवत ती पोत्यानं आणते, एवढं मला दिसलं होतं. मग मीही आणलं. उरलेलं बी लावलं, ते उगवलं, आणि लगेच ते ओलं गवत रोपांच्या गळ्यापर्यंत रचलं. तिच्यापेक्षा जास्तच.

पानांनी माना टाकल्या. मी रडवेली होऊन तिथंच बसलेली. शेजारीण भिंतीवरून वाकली, गवतात हात घातला नि म्हणाली, "जळून राहिली न वं!"

मला वाटलं, मलाच. तोंड तापलं. "जळेन नाहीतर काय करीन? सगळं तुमच्याकडेच येतं!"

ती बघतच राहिली, मग हसून हसून भिंतीला टेकली. "तुले नाही वं बाई! गवताची गंजी जळून राहिली. हात टाकून पाह्य."

हात घातला. ढीग आतून चांगलाच गरम.

"कच्चं काहून टाकलं? सडू द्या लागते आधी."

तिनं ते सगळं ओढून काढलं. आपल्या खड्ड्यातलं जुनं गवत, चहाच्या चोथ्यासारखं काळं झालेलं, घमेलंभर आणून रोपांना घातलं.

पावटा जगला. तिचे उपकार मी आजही मानते. पण वेलानं काय करावं? भिंत चढून उन्हाकडे, सरळ तिच्या अंगणात उतरला. ती टोपली भरून हाक मारायची, "घे वं, तुह्या मायच्या शेंगा!" मी हसून घ्यायची आणि आत येऊन पुटपुटायची, मेला वेलसुद्धा तिचाच.

माझ्या बाजूला चुकून लागल्या होत्या चार शेंगा. पुढच्या सालचं बी मी त्यांचंच धरलं. बारकं होतं, पण भिंतीच्या अलीकडचं.