बुजगावण्याला सीट दिली तो दिवस

पाथर्डी-नगर रस्त्यावर मी पस्तीस वर्षं वडापची जीप चालवली. एकदा त्या जीपमधून बेचाळीस माणसं, अकरा कोंबड्या आणि एक नवरी नेली. खोटं वाटत असेल तर नवरीला विचारा. कोंबड्या आता हयात नाहीत.

त्याच रस्त्यावर गेल्या हिवाळ्यात एका माणसानं हात दाखवला. मी करकचून ब्रेक मारला आणि ओरडलो, "चला पाव्हणं, मागं लई जागा हाय!" मागं एकोणीस जण कोंबले होते. पाव्हणा हलेना.

"आरं बाबा," मागची म्हातारी म्हणाली, "त्ये ज्वारीतलं बुजगावणं हाय!"

"म्हाईत हाय की! रोज उन्हात उभं ऱ्हातंय बिचारं."

गाडी हसली. मीही हसलो, पण मला तो खरंच माणूस दिसला होता.

नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर येणार नाही. उरलेली सांभाळा. गाडी बंद."

मी किल्ली तीन दिवस कोपरीच्या खिशात धरून घरी बसलो. खरं सांगतो, भीती डोळ्यांची नव्हती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. जीपमध्ये दिवसभर माझ्या अंगाला कुणाचा ना कुणाचा खांदा लागायचा. घरात भिंतीशिवाय काही लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी कुकरला नगरपर्यंतचं भाडं सांगितलं. त्यानं शिट्टी दिली, पण भाडं काही दिलं नाही.

चौथ्या दिवशी स्टँडवर गेलो आणि धाकट्या भावाच्या हातात किल्ली ठेवली. त्याचीही पन्नाशी उलटलेली. तो खाली बघत म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ द्या की अजून थोडं दिस."

"दिसायचं थांबलंय मर्दा, दिस ऱ्हाऊन काय करू? सरक तिकडं."

वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजवीकडंही एक जण बसतो, अर्धा आत, अर्धा तालुक्यात. ती जागा कुणी मागत नाही. मी मागितली. दाराचा दांडा कमरेत असा रुतला, की पस्तीस वर्षं तिथं कोंबलेल्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. पण भावाचा खांदा लागत होता. ऊबदार.

"ह्ये तीन दिस आमी दुसऱ्याच्या गाडीत मयताला चालल्यागत बसलो हुतो," म्हातारी मागून बोलली. "तुझ्या गोष्टीतल्या त्या बिबट्याचं पुढं काय झालं?"

बिबट्या कुठला! पण मी करंजीच्या घाटात त्याला टपावर चढवला, निम्मं तिकीट मागितलं, तो गुरगुरला. भावानं आपसूक गाडी सावकाश घेतली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, तुझा फाटा मागं गेला!"

"गेला तर गेला," ती म्हणाली. "येताना उतरीन. तू सांग रं."