नैवेद्यावरची फुंकर

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक तापलेली पोलादी पट्टी आहे आणि तिच्यावर हवा सोडणारी नळी. हवा सलग सोडली तर पट्टीलगत गरम हवेचा थर टिकून राहतो. तीच हवा थांबून थांबून, झटक्यांनी सोडली की थर विस्कटतो आणि पट्टी लवकर निवते. नेहमी नाही, झटक्यांचा वेग आणि नळीचं अंतर जमावं लागतं. हे मी मुलांना शिकवते. नळी फस्‌फस्‌ करायला लागली की मला तुपाचा वास येतो, ते सांगत नाही.

तो वास तेलंगणातल्या भैंसा गावच्या आमच्या स्वयंपाकघरातला. धाकटा भाऊ बोलायला फार उशिरा लागला. त्याला वाचा फुटली तर स्वतःच्या हातचा शिरा बासरच्या सरस्वतीला नेईन, असा आईचा नवस होता. तो बोलू लागला, आणि त्याच्या अक्षराभ्यासाचा, म्हणजे त्याच देवळात तांदळात पहिलं अक्षर गिरवण्याचा, दिवस ठरला.

सकाळची बस पकडायची होती. शिरा गरमच डब्यात भरला तर झाकणाला पाणी सुटतं, म्हणून तो परातीत पसरलेला. वीज गेलेली. आई विंझण्यानं वारा घालत होती. बाबांनी घड्याळ बघितलं, खाली वाकले आणि बशीतल्या चहावर मारायचे तशी लांबलचक फुंकर मारली.

नैवेद्याला तोंडचा वारा लागला की तो उष्टा.

"अवो! उष्टा केला ना तुमी!"

"सवयीनं झालं. तिथं लाडू भेटते, घेऊ."

"नवस मी बोलले का तो लाडूवाला?"

उष्टा शिरा आम्हा पोरांच्या ताटात आला. आईनं स्टोव्हवर पुन्हा रवा चढवला. ती बस गेलीच. पुढची गाठली तरच पुजाऱ्यानं दिलेली वेळ साधणार होती.

या खेपेला विंझणा बाबांच्या हातात आणि त्यांच्या तोंडावर उपरणं. गाठ आईनं स्वतः मारली. बाबा जिवाच्या आकांतानं विंझणा हलवत सुटले.

"थांबून थांबून मारा. झटका द्या, थांबा."

"काऊन?" उपरण्यातून आवाज आला.

"हात भरून येते, म्हून. अन् बोलू नका."

कारण एवढंच. तिला थरबिर माहीत नव्हता, आणि मला तिला शास्त्रज्ञ करायचं नाही. मधूनमधून ती उलथन्यानं शिरा वरखाली करत होती, तो निवला बहुधा त्यानंच. आता विचारायला ती नाही, बाबाही नाहीत.

बस मिळाली. भावानं तांदळात बोट फिरवलं आणि पुजारी म्हणेल ते म्हणायचं सोडून खणखणीत आवाजात "शिरा!" म्हणाला. आईनं डोळे पुसले आणि डबा पुढे केला.

नंतर गोदावरीच्या घाटावर तिनं प्रसादाचा पहिला घास बाबांच्या हातावर ठेवला.

"घ्या. आता मारा फुंकर."

शिरा केव्हाच गार झाला होता. बाबांनी तरी मारली.