कॅमेऱ्याला दिसणारं रान

फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ शूटिंग करता येतं, हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कोल्हापुरातल्या धंद्यातल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. नव्वदच्या दशकात मी लग्नांची शूटिंगं केली ती खांद्यावर व्हीएचएस कॅमेऱ्याचं भलंमोठं धूड घेऊन. मागं वायर धरणारा एक माणूस आणि समोर नवरीचा मेकअप वितळवणारा हॅलोजनचा दिवा. आणि आता २००९ साली मी सांगत होतो, की गळ्यात अडकवायच्या कॅमेऱ्यावर एचडी व्हिडिओ निघतो, तोही अंधारात, दिव्याशिवाय. ओळखदेख नसलेला एक मंडपवाला म्हणाला, "पावणं, लगीन काय अंधारात लावतंय व्हय कोण?" सगळे हसले. मीही हसलो, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

खरं कारण असं, की रात्रीचं मला दिसेनासं झालं होतं. उजेडात सगळं ठीक, पण दिवस बुडाला की माझ्यापुढं काळं फडकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा रातांधळेपणा आहे, हळूहळू वाढत जाईल आणि पुढं कडेचंही दिसायचं कमी होईल. "घराण्यात कुणाला आहे का?" त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हणालो. घरी येऊन बायकोलाही काही बोललो नाही. फोटोग्राफरचे डोळे गेले म्हटल्यावर ऑर्डर कोण देणार? रात्रीच्या वरातीत मी कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून चालायचो. लोकांना वाटायचं, स्वभावच गळ्यात पडायचा आहे.

आमचं घर कसबा बावड्याच्या कडेला, मागच्या दारातून थेट आमच्या उसात उतरायची पायवाट. घरात आम्ही चौघं. मी, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा दिवेलागणीनंतर कधी उंबरा ओलांडत नसत. लाईट रात्रीची यायची म्हणून सगळी भावकी रात्री उसाला पाणी पाजायची, आबा मात्र गडी लावायचे आणि घरात बसायचे. भुताला भितात, असं भावकीत सगळे म्हणत. मी तरणा असताना त्यांच्या तोंडावर हसलोय. त्याची आता लाज वाटते.

कॅमेरा आणला त्या आठवड्यात एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं. मी मागच्या दारात बसलो होतो. चांदणं पडलंय असं बायको म्हणत होती, मला काहीच दिसत नव्हतं. धीर करून कॅमेरा चालू केला, उजेड धरणारी पन्नासची लेन्स पूर्ण उघडली, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवत नेला आणि मागच्या पडद्यावर हळूहळू अंगण उगवलं. हातपंप. दोरीवरचं लुगडं. गोठ्यातल्या म्हशीचे दोन चमकते डोळे. मी पडद्यावरून नजर काढली की अंधार, परत पडद्यावर बघितलं की अंगण. आनंद झाला हे खरं, पण त्या आनंदात भीतीही होती.

मग मला नादच लागला. चांदण्या पक्षात मी रोज रात्री तिपाई घेऊन रानात जायला लागलो. घरात सांगितलं, एका फिल्मसाठी रात्रीचं रान शूट करतोय. वाटेत पडदा डोळ्यांसमोर धरून चालायचो. जागेवर पोचलो की तिपाई लावायची. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस होत नाही, म्हणून बॅटरी पेटवून वीस पावलांवर बांधावर ठेवायची, परत येऊन त्या ठिपक्यावर हातानं फोकस जुळवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, बॅटरी विझवून पावलं मोजत परत यायचं आणि बारा मिनिटं गप्प उभं राहायचं. एचडीची क्लिप बारा मिनिटांत आपणहून थांबते. ती बारा मिनिटं मला कठीण जात. लांब कारखान्याची घरघर, मळीचा वास, उसाची पानं एकमेकांवर घासतायत, आणि मला दिसतंय ते फक्त तळहाताएवढं चौकोनी रान. त्या चौकोनाच्या बाहेर काय उभं आहे, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

चौथ्या दिवशी स्टुडिओत बसून क्लिपा कॉम्प्युटरवर टाकल्या. आयएसओ एवढा चढवला की चित्रात बारीक दाणे वळवळतात, काळ्या भागात तर मुंग्या फुटल्यासारखे. त्या दाण्यांतून मी चालत गेलेला दिसलो, वाकलो, बॅटरी उचलली, परत फिरलो. बॅटरी विझली. आणि माझ्या मागं, उसाच्या कडेला, अजून कुणीतरी चालत होतं.

मी क्लिप मागं घेतली. डोक्यावरून घोंगडं घेतलेलं, तोंड दिसत नाही. चालणं माणसासारखं नव्हतं. एक पाऊल पुढं टाकायचं, जरा थांबायचं, मग दुसरं. हात अंगापासून लांब धरलेले. मी थांबलो की ते थांबत होतं. मी तिपाईपाशी पोचल्यावर ते उसात मिसळून गेलं. आधीच्या दोन्ही रात्रींच्या क्लिपा उघडल्या. दोन्हींत ते होतं. एका क्लिपमध्ये तर बाराच्या बारा मिनिटं चित्राच्या कडेला उभं होतं आणि मी ते रात्री पडद्यावर बघून झाड म्हणून सोडून दिलं होतं.

आमच्या रानात एक जुनी विहीर आहे, कठडा नसलेली. तिथं काहीतरी आहे असं भावकीत बोललं जायचं आणि मी त्यावर तोंडसुख घेतलेलं. त्या दिवशी दुपारी, भर उजेडात, स्टुडिओचं शटर अर्धं ओढून मी बसून राहिलो. मला भीती वाटत होती आणि भीतीचा रागही येत होता. रात्री परत गेलो, ते रागानंच.

तिपाई लावली. बॅटरी ठेवलीच नाही. पडदा चालू ठेवून कॅमेरा हळूहळू आलो त्या वाटेकडं फिरवला. बांध, पाट, उसाची कड, आणि ते. पंधरा पावलांवर. मी नजर वर केली, काळोख. पडद्यावर बघितलं, ते एक पाऊल पुढं आलं होतं. परत वर बघितलं, काही नाही. पुन्हा पडदा, अजून एक पाऊल. मी कॅमेरा तिपाईसकट उचलून छातीशी धरला आणि पडद्यावरची नजर न काढता मागं सरकायला लागलो. एक पाऊल, दोन, तीन.

"कोण हाय?" मी ओरडलो.

"हालू नगंस!" अंधारातून आवाज आला. "हाय तितंच ऱ्हा. मागं हीर हाय."

आवाज आबांचा होता.

मी मटकन खाली बसलो. मागं हात लावून बघितला. वीतभर जमीन आणि पुढं गार हवा. आबा चाचपडत आले, माझं डोकं हाताला लागल्यावर थांबले आणि शेजारी बसले. दोघंही धापा टाकत होतो.

"आबा, तुम्ही हितं कसं? तुम्हाला दिसली विहीर?"

"दिसतंय कुठलं! पान्याचा गारवा लागतोय की. आन् तुझी पावलं ऐकू येत्यात." मग डोक्यावरचं घोंगडं काढल्याची सळसळ झाली. "चाळीस वर्सं झाली मला रातचं दिसत न्हाय. कुणाला सांगू? तुमची सोयरीक मोडली असती, जमीन भावांनी खाल्ली असती. भित्रा म्हंत्यात तर म्हनूं देत म्हटलं."

"मग आता मागं कशाला यायचं?"

"दसऱ्यापास्नं बघतोय तुला. दिवस बुडला की तू भिताडाला हात घासत चालतोस, ऐकू येतंय मला. म्या बी आसाच चालायचो. तू ह्या रानात एकटा, आन् हितं हीर. मला घरात बसवंना."

ज्यांना आयुष्यभर भित्रा म्हणून हसलो, ते आंधळ्या डोळ्यांनी चार रात्री माझ्या मागं या रानात फिरत होते. मी त्यांचे पाय धरले. "सोड, सोड," म्हणाले, पण पाय मागं घेतले नाहीत.

परत निघालो ते असे: मी पुढं पडदा बघत, मागं माझ्या खांद्यावर आबांचा हात. बांधावर त्यांनी मला थांबवलं. "त्यात काय दिसतंय, दाव की मला." मी कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा तेवढा मला दिसला. ते बघतच राहिले.

"हे आपलं रान?"

"व्हय."

"आज चांदणं हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडं दिला आणि घराच्या पायरीशी आल्यावर हळूच विचारलं, "पोरीच्या डोळ्यांचं बघितलंस का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःच्या डोळ्यांचा विचारही मनात आला नाही. पोर दहा वर्षांची होती, रोज माझ्यासमोर वावरत होती, आणि हा आजार तिच्यातही उतरला असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगची वेळ साधून आबा आणि मी मागच्या पायरीवर बसलो. ही काही तपासणी नव्हे, पुढं डॉक्टरांकडं न्यावंच लागेल, हे मला कळत होतं. पण तोवर थांबायचा धीर दोघांतही नव्हता. गोठ्याच्या पलीकडच्या खांबाला आबांची काठी टेकवून ठेवली होती. लाईट गेली. मुलीला हाक मारली आणि म्हटलं, "आज्जांची काठी आण जा गोठ्यापास्नं. बॅटरी नको घेऊस."

ती माझ्या शेजारून उतरली. पुढं मला काही दिसत नव्हतं. मी फक्त पावलं ऐकत होतो. थांबतील, चाचपडतील, भिंतीवर हात घासल्याचा आवाज येईल, म्हणून श्वास धरून बसलो होतो. पावलं पळतच गेली. पळतच परत आली. काठी आबांच्या हातात पडल्याचा आवाज झाला.

"दिसलं व्हय तुला सगळं?" आबांनी विचारलं.

"दिसतंय की. केवढं चांदणं पडलंय," ती म्हणाली आणि आमच्यासमोर उभी राहिली. "पण तुम्ही दोघं रडताय कशाला?"

आबाही रडतायत, हे मला तेव्हा कळलं.