तिथी बघून पळणारी

"ही मुलगी पंचांग बघून पळते."

सर माझी वही वर धरून वर्गाला दाखवत होते. दोनशे पानी वही, कव्हरला वर्तमानपत्र लावलेलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, भरलेला वर्ग, आणि मी तिसऱ्या बाकावर. सरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला लागले. "अष्टमी, भांग. दुपारी साडेबारा. बारा किलोमीटर. पंचमी. सकाळी दहा. आठ किलोमीटर." मग थांबले. "तारीख कुठाय? मुहूर्त काढून पळता होय बाई? भटजी कोण तुमचा?"

वर्ग हसत सुटला. सरांना चेव आला. "एकादशीला उपास धरून पळता की सोडून?"

मीपण हसले. हे सांगायला मला आजही जड जातं. सगळे हसत असताना आपण गप्प बसलो तर आपणच उघडे पडू, असं वाटलं. म्हणून दात दाखवले. सरांचा राग येतोच, पण त्या हसण्याबद्दल स्वतःचा जो राग येतो तो जास्त आहे.

वही सरांकडे कशी गेली ते सांगते. मी चिंचणीची. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई बोंबील सुकवते आणि बाजारात विकते. मी लांब पल्ल्याची धावपटू. दहावीपासून पळते. आमच्याकडे मैदान नाही, ट्रॅक नाही. समुद्रकाठची पुळण आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते, पाय रुतत नाही, मैलच्या मैल सरळ पळता येतं. भरतीला तिथे पाणी असतं. म्हणजे माझं वेळापत्रक समुद्र ठरवतो. अमावास्या-पुनवेला ओहोटी पहाटे, तेव्हा पळून आठच्या लेक्चरला वेळेत पोचते. पण अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. जी काही वाळू उघडी पडते ती भर दुपारी. मग पंधरवड्यातले तीन-चार दिवस माझी लेक्चरं बुडायची.

रस्त्यावर पळून पाहिलं होतं. बोईसरच्या रस्त्याला टँकर. एका टँकरवाल्याने गाडी हळू करून माझ्या बाजूला चालवली. "मॅडम, कहाँ तक छोड दूँ?" पुढे अर्धा किलोमीटर तो तसाच सोबत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "रस्त्यावं नाय जायचं परत. पुळणीवं आपली मान्सं असतात."

विषय मिटला.

दुसऱ्या वर्षी हजेरी कमी पडली. आमचे क्रीडाशिक्षक वाणगावचे, मवाळ माणूस. ते म्हणाले, खेळाडूंना सवलत मिळते, सरावाची नोंदवही जोड. मी जोडली. जशी होती तशीच. घरात कॅलेंडरवर आम्ही तारीख कधी बघत नाही, तिथी बघतो. बोट कधी लोटायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यावरच. मी पळण्याची वहीपण तशीच लिहिली. दोन वर्षं. तारखा घालायला हव्यात हे डोक्यातच आलं नाही. चूक माझीच. पण चूक वेगळी आणि खोटेपणा वेगळा, एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही. सरांकडे ती होती.

सर केमिस्ट्रीचे विभागप्रमुख, सवलतीचा अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे जायचा. पालघरात तीन पिढ्यांचं घर, मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला. त्यांनी वही परत दिली नाही. "पडताळणी करावी लागेल" म्हणाले आणि कपाटात टाकली.

दिवाळीनंतर विद्यापीठाची क्रॉस कंट्री जाहीर झाली. दहा किलोमीटर. पहिल्या सहा मुली विद्यापीठाच्या संघात. आणि त्याच दिवशी माझी ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल परीक्षा. मी पंधरा दिवस आधी अर्ज केला, प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर घ्या. त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीची बॅच बदलून दिली होती. तिच्या बहिणीचं लग्न उदयपूरला होतं. तिच्या वडिलांची बोईसरला फॅक्टरी. तिच्यावर माझा राग नाही. तिने मागितलं, तिला मिळालं. मी मागितलं.

सरांनी अर्जावर नजरसुद्धा टाकली नाही. म्हणाले, "कोळणीला पळायचा सराव कशाला लागतो? डोक्यावर टोपली दिली की पळताच की तुम्ही."

आम्ही कोळी नाही, मांगेले आहोत. पण सरांना मासळी विकणारी प्रत्येक बाई कोळीण. ते मी बोलले नाही. "सर, बॅच बदलून द्या" एवढंच परत म्हणाले. ते म्हणाले, "एक काहीतरी धड कर. डिग्री नाहीतर पळापळ. तुमच्यातल्या मुलींना दोन्ही झेपत नाही."

मी पळायला गेले. जिंकून आले असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. मार्गात टेकडी होती, खडी होती, तीन चढ. पुळणीवर चढ नसतो. आठव्या किलोमीटरपर्यंत मी चौथी होते. शेवटच्या चढावर मांड्या दगड झाल्या. एक मुलगी गेली, दुसरी गेली, मग तिसरी. मी सातवी आले. सहा मुलींचा फोटो काढला, तेव्हा मी बाजूला उभी राहून बूट सोडत होते. कोणीतरी म्हणालं, "जरा सरक, फोटोत येतेस."

मी सरकले.

सोमवारी कॉलेजात पालकांसह बोलावलं. वडील बोटीवर होते. आई आली. ठेवणीतलं पातळ नेसून, हात साबणाने तीनदा धुऊन आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसली. प्राचार्य, सर, क्रीडाशिक्षक. टेबलावर माझी वही आणि एक टाइप केलेला कागद.

प्राचार्य सभ्य बोलले. शनिवारी पुन्हा प्रॅक्टिकल घ्यायला आमची हरकत नाही, फक्त यावर सही कर. मी वाचलं. "मी सरावाच्या बनावट नोंदी सादर करून हजेरीत सवलत मिळवण्याचा प्रयत्न केला. याबद्दल मी बिनशर्त माफी मागते."

आई म्हणाली, "काय लिवलंय?"

मी सांगितलं.

आई सरांकडे बघून म्हणाली, "बनावट कशी सर? तिथी तर मीच सांगते तिला रोज. आज आठम हाय, दुपारशिवाय पुळण नाय मिळायची, असं. आमी खोटं कशाला लिवू?"

सर हसले. "बाई, ते तुमच्या बोटीला ठीक आहे."

आईने मान खाली घातली. बाजारात गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धारणारी माझी आई.

मी म्हटलं, "सर, तपासून बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराच्या पुढे ओहोटी. वहीत साडेबारा आहे. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमाराला ओहोटी. वहीत दहा आहे. कुठलंही पान उघडा." भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर तारखेखाली तिथी छापलेली होती. "तिथीवरून तारीख लावा, तुमच्या हजेरीपटात मी त्याच दिवशी गैरहजर सापडेन."

कोणी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. केमिस्ट्रीत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी नोंद, मग निष्कर्ष. हे शिकवणारा माणूस समोर बसला होता आणि वही उघडायला तयार नव्हता. त्या क्षणी मला कळलं की यांना माझी नोंद खोटी वाटत नाहीये. ती खरी असली तर आपण इतके दिवस हसलो कशाला, हे त्यांना सांगता येणार नाही, एवढंच आहे.

क्रीडाशिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "सॉरी बोलून टाक गं. एक सही तर आहे."

आणि आईसुद्धा. तिने माझा दंड धरला. "सही कर बाय. वरीस जाईल."

माझी बहीण बारावीनंतर घरी बसली. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी एकटी. वर्ष गेलं तर वडील काय म्हणतील ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. सरांनी पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "नोंदी खऱ्या आहेत. मी सही करणार नाही."

"मग प्रॅक्टिकल नाही."

"नाही तर नाही."

वही उचलली आणि बाहेर आले. सर मागून काहीतरी म्हणाले, आई तिथेच बसून होती. पाच मिनिटांनी आली. पुढे आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोंबील उलटताना म्हणाली, "तुजा राग मला कळतो. पन रागानं आपलं पोट नाय भरत." मी तिच्या शेजारी बसून पुढचे बोंबील उलटायला घेतले.

वर्ष गेलं. माझ्या बॅचच्या मुली पुढे गेल्या. क्रीडाशिक्षक फोन उचलत नाहीत. पुढच्या मोसमात संघात येईन अशी खात्री नाही, चढ मला अजूनही जमत नाही. वडील म्हणतात, तारापूरला कंपनीत पॅकिंगला लाग. बहुतेक लागावं लागेल. प्रॅक्टिकल पुन्हा त्याच लॅबमध्ये, त्याच सरांसमोर द्यायचं आहे, आणि मार्क त्यांच्याच हातात आहेत. न्याय वगैरे मिळेल असं मला वाटत नाही. उगाच आशा लावून बसायची माझी तयारी नाही.

पण मी एक अर्ज दिला आहे. एकाच ओळीचा. "माझ्या नोंदी बनावट आहेत असं महाविद्यालय म्हणत असेल, तर ते कारणासह, सहीनिशी लेखी द्यावं." क्लार्क घेत नव्हता. मी खिडकीवरून हलले नाही, माझ्यामागे रांग लागली, मग त्याने आवक शिक्का मारला. दर सोमवारी जाऊन विचारते. तो म्हणतो, सर मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. मी उद्या जाते. सर कॉरिडॉरमध्ये मला बघून वाट बदलतात. कंपनीत लागले तर कामाची पाळी बघून जाईन, पण जाईन. माझ्या सहीने वदवून घेणार होते, तेच आता सरांना कागदावर लिहायला लावणार आहे, खाली त्यांच्या नावासकट. लिहीत नाहीत तोवर ती खिडकी मी सोडणार नाही.