आल्प्सचा सराव

दुबईच्या सपाट वाळूत बसून आम्ही पाच रत्नागिरीकरांनी मोटारसायकलींवरून आल्प्स ओलांडायचा बेत आखला. कुठल्या घाटातला बर्फ कधी वितळतो, यावर महिनाभर अक्कल पाजळली. पुढे कोण राहणार, यावरून दोघांचं बोलणंही बंद झालं. शेवटी ‘यल्ला’ म्हणत सरावासाठी रास अल खैमाच्या डोंगरांकडे निघालो. तेव्हा, साठच्या दशकात, तिकडे डांबरी रस्ता नव्हता. ओहोटी असेल तेव्हा किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरूनच जावं लागे. अर्ध्या वाटेत भरती आली आणि पाचही गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. बर्फाचे हे विद्वान भरतीची वेळ बघायलाच विसरले होते! माझे अब्बा गावी गलबतावर तांडेल, म्हणजे कप्तान होते. त्यांना मी पत्रात कळवलं, गाडी पंक्चर झाली.