दोन्ही पानं डाव्या कानाची

आमच्या दागिन्यांच्या डिझाइनच्या कॉलेजात भिंगबाईंना घाबरत नाही असा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. मी इथली क्लार्क. फोन, हजेरी, फायली, दाखले, आणि कुणी रडत आलं तर पाण्याचा ग्लास, एवढा माझा कारभार. बाई मला नावाने हाक मारत नाहीत, 'रजिस्टर' म्हणतात. मीही त्यांच्या माघारी त्यांना भिंगबाई म्हणते, म्हणजे फिट्टंफाट. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लटकत असतं. अंगावर दागिना म्हणाल तर तेवढाच.

"सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या दागिन्यांतल्या चुका शोधल्यावर हौस उरते का?" असं त्या विचारतात.

सव्वीस वर्षं त्या एका कारखान्यात शेवटच्या टेबलावर होत्या. वस्तू घडली, तिचे जोड झाळले, पॉलिश झालं, की डबीत जाण्याआधी जिथे थांबते ते टेबल. बाईंनी मान हलवली तरच ती डबीत जायची. एकोणिसाव्या वर्षी तिथे नोकरी मागायला गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडून म्हणे शब्द फुटेना. मालकाने वैतागून साखळ्यांचा ढीग पुढे टाकला आणि म्हणाला, "यातल्या वाईट काढ." बाईंनी सात काढल्या. मालकाला पाचच माहीत होत्या. "मला कुणी काही विचारलंच नाही, म्हणून लागले," असं त्या सांगतात, आणि मग समोरच्याने हसलेलं त्यांना आवडत नाही.

त्यांनी कारखाना सोडल्यावर आमच्या प्राचार्यांनी त्यांना शिकवायला बोलावलं. बाई म्हणाल्या, "मला शिकवता येत नाही. पण तुमची पोरं कारखान्यात येतात आणि महिन्याभरात बाथरूममध्ये जाऊन रडतात, ते मी बघितलंय. तेवढं थांबवून देते." तेव्हापासून शेवटच्या वर्षाचे सरावाचे खोटे इंटरव्ह्यू त्या घेतात. त्यासाठी त्यांनी वर्ग घेतला नाही, प्लास्टरच्या पोत्यांची खोली घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनाचा एक छोटा काटा आणि मखमलीचा ट्रे. पोरगं आत गेलं की आधी वस्तू ट्रेमध्ये ठेवायची आणि समोरचा ती उचलेपर्यंत गप्प बसायचं. वजन विचारलं तर 'अंदाजे' म्हणायचं नाही. आणि 'मला निसर्गातून प्रेरणा मिळते' हे वाक्य कुणी उच्चारलं की संपलंच.

"निसर्गातून म्हणजे कशातून? मुंगी? चिखल? पडसं?" बाईंचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येतो. मग ते पोरगं आठवडाभर पॉलिशचं मशीन पुसतं.

नोकरी लागलेल्यांनाही त्या सोडत नाहीत. पहिले सहा महिने स्वतःचं डिझाइन विसरायचं, खडे बसवणाऱ्या कारागिराशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि तो का शिव्या घालतोय ते वहीत लिहायचं. एका दीडशहाण्याने पहिल्याच दिवशी कारागिराला रंगसंगती समजावली होती. त्याला बाईंनी फोनवर असं काही झापलं की मीच उठून खिडकी लावली.

आणि त्यांचा सगळ्यांत जाचक नियम म्हणजे अंगावर घालण्याचा. इंटरव्ह्यूला जी वस्तू न्यायची, ती आधी अख्खा एक दिवस कुणीतरी घालून वावरायचं. स्वेटर काढायचा, केस विंचरायचे, बसमध्ये डुलकी काढायची. कागदावर नाही ते अंगावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. याच नियमात पुढे माझं घोडं अडलं.

माझ्या ताईची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. घरात तिला घुमी म्हणतात, कारण ती बोलतच नाही. हाताने मात्र मेणात असं काही कोरते की बघत राहावं. तिला इथे घालावं म्हणून मी मेहुण्यांशी अक्षरशः भांडले होते. त्यांचं फरशांचं दुकान आहे आणि घुमीने गल्ल्यावर बसावं ही त्यांची इच्छा. "बोलता येत नाही तिला, नोकरी कोण देणार?" असं ते म्हणायचे. मी ठणकावून सांगितलं होतं, "मी बघते." झालं, शब्द देऊन बसले.

नोकरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूत तिला विचारलं, "स्वतःबद्दल काही सांगा." घुमी बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नको." दुसऱ्या ठिकाणी 'पाणी हवंय का' याला 'हो' म्हणाली, तेवढाच संवाद. मग मेहुण्यांनी जाहीर केलं की आता तिसरा आणि शेवटचा. तिथे जमलं नाही तर एक तारखेपासून दुकान. त्यांनी तिला गल्ल्यावर बसायला चाकांची खुर्चीसुद्धा घरी आणून ठेवली. ती खुर्ची ताईकडे गेल्यावर दर वेळी मला दिसायची.

बाईंनी घुमीला नऊ वेळा त्या पोत्यांच्या खोलीत बसवलं. नऊही वेळा दातखीळ. शेवटी बाईंनी हात टेकले. "नको बोलूस," म्हणाल्या. "वस्तूच अशी कर की तुला बोलावंच लागणार नाही." मग घुमीने चांदीची कानातली केली. एक लांबट पान, कानाच्या पाळीवरून उतरतं आणि त्याचं टोक हलकेच गालाकडे वळतं. शिरा इतक्या बारीक की बाईंनी भिंग लावून एक बघितलं, ठेवलं, दुसरं उचललं, तेही बघितलं आणि म्हणाल्या, "जोड स्वच्छ आहेत. फिरकी नीट बसते." बाईंच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं!

राहिला घालण्याचा नियम. घुमीच्या कानांची भोकं लहानपणीच बुजलेली. मी म्हटलं, आण इकडे, मावशी घालते. आणि घातली हो, दोन्ही घातली, सकाळी घाईघाईत, आरशात न बघताच. पण मी डावखुरी. लिहायचं डाव्या हाताने, त्यामुळे फोन उजव्या कानाला. तो प्रवेशाचा मोसम, फोन सारखा घणघणत होता आणि रिसीव्हर दर वेळी त्या पानाला टोचत होता. दहा मिनिटांत उजवं काढलं आणि टाचण्यांच्या डबीत ठेवलं. डावं दिवसभर राहिलं, आणि छान दिसतं असं दोघांनी सांगितलंसुद्धा. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "दिवसभर घातलीत?" मी म्हटलं, "हो तर! काही त्रास नाही." इतकं साधं खोटं! माझ्या मनालाही लागलं नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी घुमी साडेनऊलाच गेली. जाण्याआधी माझा हात घट्ट धरला. मी कामाला लागले. प्रत्येकाच्या वस्तूचा फोटो आम्ही फायलीला चिकटवतो. अकराच्या सुमारास घुमीचा फोटो हातात आला. ट्रेवर दोन्ही पानं शेजारी-शेजारी. बाई समोर चहा पीत होत्या. मी अगदी कौतुकाने म्हटलं, "किती गोड दिसतात नाही? दोन्ही एकाच बाजूला वळलीत, वाऱ्याने हलल्यासारखी."

बाईंचा कप तोंडापाशीच थांबला. "काय म्हणालात?"

फोटो त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला. भिंग लावलं नाही, लागलंच नाही. "दोन्ही डाव्या कानाची आहेत," त्या म्हणाल्या. मला कळेना. मग त्यांनी दोन्ही तळहात गालांजवळ धरून दाखवलं. एका कानातलं टोक गालाकडे, तर दुसऱ्या कानातलंही गालाकडेच यायला हवं, म्हणजे दोन पानं एकमेकांच्या उलट. घुमीने मेणात एकच पान कोरलं, ते मनासारखं उतरलं, म्हणून त्याचाच साचा करून दोन्ही त्यातून काढली. उजवं वेगळं कोरायला हवं होतं. आता ते उजव्या कानात मानेकडे तोंड करून बसणार.

"मी एकेक करून बघितलं," बाई म्हणाल्या. "शिरा बघत बसले. शेजारी ठेवून बघितलंच नाही." त्यांचा चेहरा मला बघवेना. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "पण तुम्ही तर दिवसभर घातली होतीत?"

टाचण्यांची डबी समोरच होती. मी सगळं सांगून टाकलं, फोन, रिसीव्हर, सगळं. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण बाईंनी फोटो खाली ठेवला आणि फोन माझ्याकडे सरकवला. घुमीला फोन लावला, बंद. जिथे तिचा इंटरव्ह्यू होता त्या वर्कशॉपला लावावा तर बाई म्हणाल्या, "आणि काय सांगणार? आमच्या दोघींची अक्कल गहाण होती म्हणून?"

अकरापासून अडीचपर्यंत आम्ही दोघी माझ्या ऑफिसात कशा बसलो ते माझं मला माहीत. बाईंनी पाच वेळा चष्मा पुसला. मला डोळ्यांसमोर ती चाकांची खुर्ची दिसत होती. मी त्यांना म्हटलं, "बाई, चूक माझी." त्या म्हणाल्या, "अर्धी." पुढे म्हणाल्या, "अर्धीच घ्या, जास्त घेऊ नका."

अडीचला घुमी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, मी त्यांना ओरडले!"

"कोणाला?"

"मालकिणीला!"

बाईंनी तिला पाणी दिलं. माझ्या खात्याचं काम त्यांनी केलं ते पहिल्यांदा. आणि मग आमची घुमी जी बोलायला लागली, ती थांबेचना. आधी नेहमीसारखीच दातखीळ बसली होती. मालकीणबाई म्हणाल्या, बरं, राहू दे, आणि स्वतःची कानातली काढून ही घातली, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहेत." घुमीने मान वर केली, समोर ते उजवं पान मानेकडे वळलेलं.

"मी ओरडलेच, थांबा, काढा ते, छान नाहीयेत! दोन्ही डावी आहेत! मी एकाच साच्यातून काढली, गाढव आहे मी! त्या बघतच राहिल्या. मग मी कागद मागितला, उजवं कसं कोरायचं ते काढून दाखवलं, टोकाशी जाडी किती ठेवायची तेही. मग त्यांनी वजन विचारलं, मी अंदाजे म्हटलं नाही. चाळीस मिनिटं झाली होती, मावशी. घड्याळ त्यांनीच दाखवलं."

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"सोमवारपासून ये म्हणाल्या. पहिलं काम उजवं पान. एक डावं त्यांनी ठेवून घेतलं." घुमीने बाईंसमोर मूठ उघडली. "हे तुमच्यासाठी."

माझा जीव असा भांड्यात पडला की मला रडूच आलं. हसत होते, रडत होते, नाक पुसत होते. ताईला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "ती खुर्ची मेहुण्यांना म्हणावं स्वतः वापरा!" मग घुमीला मी आणि बाईंनी आमच्या आमच्या अर्ध्या चुका सांगितल्या. तिने माझ्याकडे असं बघितलं! पण हसली.

महिन्याभराने घुमी उजवं पान घेऊन आली. एक तिने मालकीणबाईंसाठी केलं होतं, एक भिंगबाईंसाठी. बाईंनी दोन्ही पानं ट्रेमध्ये शेजारी ठेवली, ट्रे इकडून बघितला, तिकडून बघितला, मग भिंग लावलं. शेवटी त्यांनी मान हलवली.

मला वाटलं, आता त्या घालतील. पण त्यांनी ट्रे माझ्यासमोर सरकवला. "रजिस्टर, आज दिवसभर तुम्ही घाला. दोन्ही."

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने माझा हात गेला, तर बाईंनी आधीच रिसीव्हर उचलून आपल्या कानाला लावला होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सगळे फोन त्यांनीच घेतले.